वहिनीचा ठिपका

बस स्थानकावर तिला सगळे घोषणाबाई म्हणत. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागेल, कोणती उशिरा येईल, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत जमा झालीय, हे ती माइकवरून सांगे. गाडी रद्द झाल्याचंही ती असं काही सांगे की माणसाला वाटावं, चला, कुणीतरी आपली विचारपूस केली. चेहऱ्यानं तिला फार थोडे ओळखत. दुकानात मात्र तिनं तोंड उघडलं की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघे. घरात ती ताई. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारायचं वय उलटून गेलं होतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंही.

घर दोन खोल्यांचं, शिवाय एक चिंचोळं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत बाबा आणि टीव्ही. बाबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे टीव्ही अख्ख्या जिन्याला ऐकू यायचा. त्याच खोलीत खिडकीशी धाकट्या भावाचं चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र होतं. दिवसभर त्याची घरघर चालायची आणि रात्री यंत्रावर फडकं टाकून त्याच्या पायथ्याशीच भाऊ, वहिनी आणि लहानगी भाची अंथरुणं घालायची. आतली खोली ताईची. पहाटेच्या पाळीला झोपमोड नको म्हणून ती तिला दिली गेली होती. पुढे पाळी बदलली, खोली तिचीच राहिली. घरात आतून कडी लागेल असं दार, मोरीचं सोडलं तर, तेवढं एकच.

भाऊ धाकटा, तरी त्याच्या बायकोला ती मानानं वहिनीच म्हणे. नणंद-भावजयीत कधी वाजलं नव्हतं. वाजायला दोन भांडी लागतात, आणि वहिनी आवाजच करायची नाही. सगळ्यांचं करायची, विचारलं तेवढं बोलायची. ताईच्या मते ती आतल्या गाठीची होती. 

साथ आली आणि गाड्या थांबल्या. स्थानकातल्या माणसांना जिथे गरज होती तिथे धाडलं. ज्यांना फोनवर नीट बोलता येतं अशांची कंट्रोल रूममध्ये निवड झाली, आणि घोषणाबाईचं नाव सगळ्यांच्या आधी निघालं. कंट्रोल रूम म्हणजे बंद पडलेल्या शाळेचा हॉल. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसायची, समोर कॉम्प्युटर, कानाला फोन. 

काम असं होतं. सगळ्यांच्या फोनमध्ये सरकारी अ‍ॅप होतं. कुणी आजारी निघालं की त्याच्या फोनजवळ गेल्या काही दिवसांत कुणाकुणाचे फोन बराच वेळ होते ते पडद्यावर येई. त्या लोकांना फोन करून सांगायचं: घरात थांबा, वेगळ्या खोलीत राहा, तपासणी करून घ्या. नकाशावर प्रत्येक फोन म्हणजे एक ठिपका. ठिपक्यावर बोट दाबलं की तो कुठून कुठे गेला त्याची रेघ उमटायची.

हॉलची प्रमुख एक डॉक्टरीणबाई होती. झोप न झाल्यामुळे तिचे डोळे कायम लाल, आवाज बसलेला. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना सांगितलं, “आजारी माणसाचं नाव सांगायचं नाही. तो कुठे भेटला ते सांगायचं नाही. गरज नसताना रेघ उघडायची नाही. आणि ओळखीचा नंबर आला तर तो शेजारच्याला द्यायचा, आपण हात लावायचा नाही. लोकांनी आपल्याला घरात घेतलंय ते जीव वाचवायला. त्यांच्या कपाटात डोकवायला नाही.”

ताईनं मान हलवली. त्या वेळी ती मनापासून हलवली होती.

तिच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. एक म्हातारा तिला फोनवर शिव्या देऊ लागला, तर ती म्हणाली, “द्या, काका, अजून द्या, पण खिडकी उघडी ठेवून द्या, हवा खेळती पाहिजे.” म्हातारा हसला आणि हसता हसता रडला, आणि मग घरात थांबला. डॉक्टरीणबाई पाठीमागून जाताना थांबून ऐकायची.

घरीही तिची किंमत वाढली. आजवर घरी आल्यावर तिच्याजवळ सांगण्यासारखं काय असायचं? अमुक गाडी उशिरा आली. आता सगळे तोंडाकडे बघायचे. बाबा टीव्ही बंद करायचे, हीच केवढी गोष्ट! “आज कोण निघालं गं?” भाऊ विचारायचा. ती पाण्याचा घोट घेऊन म्हणायची, “ते सांगता येत नाही.” गुपित सांगण्यात सुख असतंच, पण “सांगता येत नाही” म्हणण्यात त्याहून मोठं सुख असतं, हे तिला त्या वयात कळलं. 

वहिनी मात्र काही विचारायची नाही. दुपारची जेवणं आटोपली की ती डबा घेऊन बाहेर पडायची. तिची एकटी राहणारी मावशी बाजारापलीकडे राहायची. म्हाताऱ्या माणसांना जेवण पोचवायला जायची परवानगी होती. संध्याकाळी परत यायची, मुकाट्यानं स्वयंपाकाला लागायची.

एका सकाळी ताईच्या पडद्यावर एका वॉचमनची माहिती आली. कागदाच्या गोदामांच्या गल्लीतली एक इमारत, तिचा वॉचमन. ताप, खोकला, तपासणी पॉझिटिव्ह, रुग्णालयात नेलेला. खाली त्याच्या जवळ आलेल्यांचे नंबर. त्यातला एक नंबर वहिनीचा होता.

शेजारच्या बाकावर टपालखात्यातून आलेला एक जण बसायचा. नंबर त्याच्याकडे सरकवायला एक वाक्य पुरलं असतं. ताईनं त्याच्याकडे पाहिलंही. तो दुसऱ्या फोनवर होता. मग तिनं वहिनीच्या नंबरापुढे “फोन लागला नाही” अशी नोंद केली आणि ठिपक्यावर बोट दाबलं.

रेघ घरातून निघाली. बाजार ओलांडून मावशीच्या घरी गेली, तिथे जेमतेम टेकली. मग मागे वळली, आणि गोदामांच्या गल्लीत जाऊन थांबली. संध्याकाळपर्यंत. आदल्या दिवशीही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही.

ताईच्या पोटात धस्स झालं. हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की मला धस्स झालं, मला भावाची काळजी वाटली. ते खोटं नव्हतं. पण त्या धस्स होण्याच्या आत काहीतरी गुदगुल्या करत होतं, तेही खोटं नव्हतं. आतल्या गाठीची बाई, आणि आज ती गाठ माझ्या हातात.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होती. भाऊ यंत्राशी एक काच उजेडात धरून बघत होता. ताई त्याच्याजवळ वाकली. 

“वहिनी दुपारी कुठे असते?”

“मावशीकडे. का गं?”

“मावशी गोदामांच्या गल्लीत राहायला गेली का?”

भावाच्या हातातली काच तशीच राहिली. “काय म्हणायचंय तुला?”

“मला काही म्हणायचं नाही. मी जे दिसलं ते सांगितलं. रोज दुपारी, अंधार पडेपर्यंत. तू तुझं बघ.”

बाबांचा टीव्ही इतका मोठ्यानं चालू होता की आत काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन निघाली. भावानं तिला अडवलं नाही. थोड्या वेळानं तोही निघाला. कंट्रोल रूममध्ये ताईचं दिवसभर कामात लक्ष नव्हतं, पण आवाज मात्र नेहमीसारखा गोड लागत होता. तो तिच्या मनाला विचारून चालायचाच नाही.

ती घरी पोचली तेव्हा भाऊ बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. यंत्र बंद. टीव्हीसुद्धा बंद. वहिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. 

“काय झालं?” ताईनं विचारलं.

 भाऊ एकेक शब्द ओढून काढावा तसा बोलायला लागला. इमारतीच्या वरच्या मजल्यावर, वॉचमनच्या खोलीला लागून, एक खोली होती. वहिनीच्या शाळेतल्या मैत्रिणीची. ती पुस्तकांचं बाइंडिंग करायची आणि साथ सुरू झाल्यावर आपल्या आईकडे गेली होती. जाताना किल्ली वहिनीकडे ठेवून गेली, खोली अधूनमधून उघडत जा म्हणून. 

“मी दार बडवलं,” भाऊ म्हणाला. “शेजारचे बाहेर आले. हिनं दार उघडलं. मी आत घुसलो. दारामागे बघितलं, मोरीत बघितलं. मोरीत, ताई! ही तिथे भिंतीशी उभी. मला म्हणाली, ‘खाटेखालीही बघा. राहून जाईल.’”

“मग?”

“मग काय मग? मी बघितलं! खाली वाकून बघितलं. धूळ होती.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “बाहेर सगळे उभे. एक बाई विचारते, काय हो, तुम्हाला पत्ता कुणी दिला? मी रागात बोलून गेलो. म्हटलं, माझी बहीण कंट्रोल रूममध्ये आहे, तिला सगळं दिसतं.”

ताई खाली बसली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी तुझ्या भल्यासाठीच, असं काहीसं. ते तोंडाशी आलंही. तेवढ्यात भावानं मान वर केली. तो मुळात सावकाश विचार करणारा माणूस, काच घासावी तसा एकेक गोष्ट घासून बघणारा.

“पण ताई, तुला हे दिसलं कसं? हिचाच ठिपका तू का बघितलास?”

“तिथला वॉचमन...” ताई म्हणाली, आणि मध्येच थांबली.

“वॉचमन काय?”

“पॉझिटिव्ह आहे. जवळ आलेल्यांत वहिनीचा नंबर होता.”

“कधी कळलं?”

“काल सकाळी.”

“मग तू हिला सांगितलं का नाहीस?” भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. “तुझं कामच ते आहे ना? ही आजही मावशीकडे जाऊन आली. तिला डबा देऊन आली.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

शरमेनं माणूस लाल होतो म्हणतात. ताईचे हातपाय गार पडले. गावभरच्या परक्या माणसांना ती दिवसभर सांगत होती, घरात थांबा, म्हाताऱ्यांपासून लांब राहा. आपल्या घरातल्या माणसाला मात्र ते एक वाक्य सांगायचं ती विसरली होती. विसरली तरी कशी म्हणायची? मध्ये दुसरं काहीतरी जास्त गोड लागलं होतं.

वहिनी दारात आली. ओले हात तसेच. “मी कुठे राहू?” तिनं विचारलं. “वेगळी खोली लागते ना?”

वेगळी खोली घरात एकच होती. ताईनं आपलं अंथरूण बाहेर काढलं.

तपासणीत वहिनी पॉझिटिव्ह निघाली, ताप थोडाच होता. बाकीच्यांना काही निघालं नाही, म्हणून त्यांना बाहेर जाता येत होतं. मावशीचं मात्र चार-पाच दिवसांनी फार झालं. तिला न्यायला गाडी आली तेव्हा जवळ जायला कुणालाच परवानगी नव्हती. खोलीतून वहिनी फोनवर तिला सांगत होती, “घाबरू नको, मावशी, डोळे मिट, मी बोलत राहते,” आणि ताई दाराबाहेर ताट घेऊन उभी होती, आत द्यायचं धाडस होत नव्हतं.

ताई दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईकडे गेली आणि सगळं सांगितलं. नोंद खोटी केली तेही. डॉक्टरीणबाईनं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “चार-पाच दिवसांपासून गोदामांच्या गल्लीतला एकही जण फोन उचलत नाहीये. का ते मला कळत नव्हतं.” मग कपाळ चोळत म्हणाली, “रेघा तुम्हाला दिसायलाच नको होत्या. नंबर पुरला असता. मी ते पहिल्या दिवसापासून वरती सांगतेय. माणसाच्या चांगुलपणावर कुलूप म्हणून विसंबू नये.” 

“मग माझी चूक...”

“तुमची चूक तुमचीच आहे, बाई. ती मी घेत नाहीये.”

त्या दिवसापासून ताईला फोनवरून काढून मागच्या वर्गात मास्कच्या खोक्यांशी बसवलं. तिथून हॉलमधली बोलणी ऐकू यायची. लोक म्हणे फोन उचलायचे आणि विचारायचे, “तुम्ही त्याच का हो, वहिनीला पकडणाऱ्या?” कुणी राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचं. पुष्कळांनी अ‍ॅप काढून टाकलं. काहीजण फोन घरी उशाशी ठेवून बाहेर हिंडू लागले. ठिपका बिचारा दिवसभर शहाण्यासारखा घरात. टपालखात्यातला तो शेजारी एकदा खोकी न्यायला आला, तेव्हा खाली बघत म्हणाला, “गोदामांच्या गल्लीत अजून सात-आठ निघाले. कोण कुणाला भेटलं, काही पत्ता लागत नाही.” टोमणा मारायला तो आला नव्हता. तरी ताईला वाटलं, त्या प्रत्येकाच्या उशाशी आपण जाऊन आलोय.

घरी वहिनी बरी होत होती. ताट ठेवलं की ताई दारावर टकटक करायची आणि लांब होऊन बसायची. एका दुपारी, बाबा झोपले होते, भाऊ काचा पोचवायला गेला होता आणि भाची खाली जिन्यात खेळत होती, तेव्हा आतून वहिनीचा आवाज आला.

“ताई, तुम्ही बाहेर आहात ना?”

“आहे.”

“विचारायचं असेल तर विचारा. रोज ताट ठेवून श्वास रोखून बसता. मला ऐकू येतं.”

“तू तिथे काय करायचीस?” ताईनं विचारलं.

“काही नाही.”

“सांगायचं नसेल तर...”

“सांगतेय ना. काही नाही. बसायचे. खुर्ची होती खिडकीशी. पहिल्या दिवशी खोली उघडायला म्हणून गेले, आणि बसले ती उठवेचना. कुणी हाक मारत नव्हतं. यंत्र नाही, टीव्ही नाही. कधी झोप लागायची. कधी मी नुसती माझा हात बघत बसायचे.” ती खोकली. “घरी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे हसला असता. कुणी रागावलं नसतं, हसला असता. खोली घेऊन हिला बसायचंय! म्हणून मावशीचं नाव सांगितलं.”

ताई दाराच्या जरा जवळ सरकली.

“यार असता तर बरं झालं असतं,” वहिनी म्हणाली. “तुमच्या भावाला निदान काहीतरी सापडलं असतं.”

हसू आलं की हुंदका, दारातून कळलं नाही. 

“मला माफ कर, वहिनी.”

“मावशी परत येऊ दे,” आतून आवाज आला. “मग बघू.”

मावशी परत आली. पण पूर्वी जिना चढता चढता गप्पा मारणारी बाई आता दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यायची. ताई तिची माफी मागायला गेली. मावशीला मुळात कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, “तू ती... फोनवाली ना? पुण्याचं... काम करतेस.” ताईनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. खरं सांगायला आली होती. पण ते सांगितलं तर मावशीला वहिनीनं आजार आणला हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. कुठली गोष्ट आपली आणि कुठली दुसऱ्याची, एवढं तरी तिला आता कळत होतं. ती मावशीचं पाणी भरून, न सांगताच परत आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

साथ ओसरली. कंट्रोल रूममध्ये नवीन पद्धत आली होती, फोन करणाऱ्याला नुसता नंबर दिसायचा, नकाशा नाही. लोक हळूहळू फोन उचलू लागले, सगळे नाहीत. मग हॉल रिकामा झाला आणि गाड्या सुरू झाल्या. ताई परत माइकपुढे बसली. स्थानकाच्या मागे कर्मचाऱ्यांसाठी खोल्या होत्या. तिनं अर्ज केला आणि तिला एक मिळाली.

घर सोडताना बाबा रडले. भाऊ म्हणाला, “एवढं कशाला?” पण थांब म्हणाला नाही. वहिनीनं भांड्यांचं गाठोडं बांधून दिलं, तवा वर ठेवला, चमचे कागदात गुंडाळले. आतल्या खोलीत आता भाऊ-वहिनी आणि भाची झोपतात. यंत्राची घरघर तिथेही ऐकू येतेच. कडी लावली तरी बाबा हाक मारतात.

काही महिन्यांनी वहिनी भाचीला घेऊन तिच्याकडे आली. भाची खिडकीतून गाड्या मोजत बसली. ताईनं चहा केला. बोलणं हवापाण्याचं झालं, बाबांच्या कानाचं झालं. निघताना ताईनं धीर केला आणि दुसरी किल्ली वहिनीपुढे धरली.

“मी सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. दुपारी खोली रिकामीच असते. कुणाला विचारायला नको, मलाही नको. वाटेल तेव्हा येऊन बस.”

वहिनीनं किल्लीकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानात आवडलेली वस्तू परत ठेवताना पाहावं तसं.

“नको, ताई,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक असलेली खोली माझ्या काय कामाची?”

आणि भाचीला चपला घालायला खाली वाकली. ताई किल्ली हातात धरून उभी राहिली.  शेवटी भाचीच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, “जिन्यावर दिवा नाही. जपून उतरा.”